दोन ओ असलेलं लूज

मुंबईत 'लूज' हा शब्द पूर्वी दोनच ठिकाणी भेटायचा. शिंप्याकडे आणि डॉक्टरकडे. 'कमरेत जरा लूज ठेवा, जेवल्यावर त्रास होतो' हे शिंप्याला मोठ्यानं सांगायचं आणि 'कालपासून लूज मोशन होतायत' हे कंपाउंडरला दबक्या आवाजात. दोन्हीकडे शब्द अगदी चोख. सैल या अर्थाचा, स्पेलिंगमध्ये दोन ओ असलेला. मग तो होर्डिंगवर चढला. वरळीच्या बाजूला एका बिल्डरनं समुद्राकडे तोंड करून टॉवर उभारला आणि जाहिरात लावली : 'नेव्हर लूज साइट ऑफ द सी'. समुद्र कधी नजरेआड होऊ देऊ नका, असं त्याला म्हणायचं होतं. पण गमावण्याच्या 'लूझ'ला एकच ओ लागतो, इथे दोन होते. आणि नजरेच्या 'साइट'च्या जागी चक्क बांधकामाची साइट येऊन बसली होती. म्हणजे छापलं होतं त्याचा जमेल तसा अर्थ लावायचा तर 'समुद्राची साइट कधी सैल सोडू नका'. समुद्राच्या जागेवर डोळा असलेल्या माणसाच्या मनातलं खरं तेच असावं, त्यामुळे ती चूक होती की कबुली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण चिडचिड व्हायची ती झालीच. सिग्नलला बस थांबली की नेमकं ते होर्डिंग खिडकीत. शेजारचे लोक मोबाइलमध्ये, आणि मी दात-ओठ खात त्या दोन ओंकडे बघतेय. घरी हे सांगितलं तर नवरा म्हणतो, 'तुला तिथे फ्लॅट घ्यायचाय का?' नाही. 'मग?' या 'मग'ला उत्तर नसतं.

माझा धंदाच तसा आहे. लोअर परळला, जिथे एके काळी गिरणीचं खातं होतं तिथे आता काचेची ऑफिसं आहेत, त्यातल्या एका जाहिरात कंपनीत मी इंग्रजी मजकूर तपासते. कॉपीरायटर लिहितो, आर्टवाला लावतो, क्लायंट सतरा वेळा बदलतो, आणि छपाईला जाण्याआधी शेवटची नजर माझी. लोकांना वाटतं, इंग्रजीच्या चुकांवर चिडणारी बाई कॉन्व्हेंटातली असणार. मी गिरगावातल्या मराठी शाळेतली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. उशिरा शिकल्यामुळे एक फायदा झाला. प्रत्येक शब्द मुद्दाम, स्पेलिंग घोकून, उंबऱ्यावरून आत घेतलेला. त्यामुळे कुठला शब्द कुठल्या दारानं आत आला ते अजून आठवतं, आणि मराठी माणसाचा पाय नेमका कुठे घसरतो तेही दिसतं.

त्या घसरण्याला कारणं असतात, आणि ती आळसाची नसतात. आपल्या कानाची असतात. आपण सैल कपड्यालाही 'लूज' म्हणतो आणि मॅच हरलो तरी 'लूज' केली म्हणतो. कानाला एकच ऐकू येतं, मग हात एकच लिहितो. आपल्याला 'व' एकच आहे, इंग्रजांना दोन, म्हणून पश्चिम दिशा आणि बनियन यांची आपल्याकडे गाठ पडते. 'ॲ' तर आपल्याकडे मुळात नव्हताच. आमचे आजोबा 'ब्यांक' आणि 'ब्याग' लिहायचे, जुन्या छापील मराठीतही तसंच दिसतं. डोक्यावर अर्धचंद्र काढायची सोय नंतर झाली. ती सोय अजून सगळ्यांच्या तोंडात बसलेली नाही, म्हणून गाडीवरच्या पाटीवर स्नॅक्सचे स्नेक्स होतात. चायनीजच्या गाडीवर ते वाचून परदेशी पाहुणा दचकेलही, पण आपण तिथेच उभं राहून ट्रिपल राइस मागवतो.

आणि काही गोंधळ तर थेट मराठी व्याकरणातून येतात. आमच्याकडे एका हुशार मुलानं लंडनच्या माणसाला मेल लिहिली, की डिझाइन 'टिल फ्रायडे' पाठवा. त्याला शुक्रवारच्या आत हवं होतं. समोरच्यानं विचारलं, रोज एक पाठवू का, आणि शुक्रवारनंतर थांबायचं का? मुलगा गोंधळला. त्याला कोणी तरी आधीच सांगायला हवं होतं, की बाबा, मराठीतला एकटा 'पर्यंत' दोन माणसांचं काम करतो. 'शुक्रवारपर्यंत दे' यात मुदत आहे आणि 'शुक्रवारपर्यंत थांब' यात सलग मुक्काम. इंग्रजीनं ही कामं 'बाय' आणि 'टिल' अशी वाटून दिलीत. 'ऐकणं'ही तसंच. गाणंही ऐकायचं, भांडणही ऐकू येतं आणि आईचंही ऐकायचं. म्हणून आपण इंग्रजीत गाणी 'हिअर' करतो. 'दुधाची आठवण कर गं' म्हणणारी बाई इंग्रजीत 'रिमाइंड'ऐवजी 'रिमेंबर' म्हणते, आणि मला ती चुकलेली वाटत नाही. ती मराठीतच बोलत असते, फक्त शब्द परके. अशा चुकांवर माझा आवाज चढत नाही. उलट कुठल्या वाक्यातून ती आली असेल ते शोधायला मजा येते.

'प्रीपोन'वर नाक मुरडणारेही मला आवडत नाहीत. पुढे ढकलायला 'पोस्टपोन' असेल तर अलीकडे ओढायला काय करायचं? इंग्रजांना कधी मीटिंग अलीकडे ओढावीशी वाटली नसेल, आपल्याला वाटते. पण ऑफिसात कोणी 'आय विल रिव्हर्ट' म्हणाला, की हा माणूस आता पुन्हा पूर्वीसारखा होणार, म्हणजे नक्की कसा, असा विचार माझ्या मनात येतोच. 'ऑफ झाले', 'एक्सपायर झाले' हे मात्र आता मराठीच. औषधासारखी माणसावरही तारीख छापलेली असते, यात चुकीचं काय आहे?

'स्टेशनरी'ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण या शब्दावरून मी सगळ्यात जास्त भांडणं ऐकलीत. जून महिना आला, की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. वह्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, 'बाजू, बाजू' म्हणत घुसणाऱ्या हातगाड्या, तपकिरी कागदाचे रोल, डझनाच्या भावानं पेन्सिली, आणि ब्राउन पेपर लॅमिनेटेड घ्यायचा की साधा यावर एकमेकींशी वाद घालणाऱ्या आया. आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीत एक तरी पाटी अशी, जिच्यात 'स्टेशनरी'च्या शेवटी 'ईआरवाय'ऐवजी 'एआरवाय' आहे. म्हणजे स्थिर. 'अमुक अमुक स्टोअर्स, झेरॉक्स आणि स्थिर.' गल्लीत सगळं हलतंय आणि दुकान तेवढं जाहीरपणे जागच्या जागी.

गंमत अशी, की पाटीवालाच मुळाच्या जास्त जवळ आहे. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणाऱ्या, नकला करून देणाऱ्या ज्या लोकांचं दुकान ठरलेल्या जागी असायचं, त्यांना लॅटिनमध्ये 'स्टेशनेरियस' म्हणत. बाकीचे विक्रेते बहुतेक फिरस्ते, हे एका जागी बसणारे. लंडनमध्ये १४०३ साली त्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये त्याला राजाश्रयाची सनद मिळाली. कागद विकणाऱ्या माणसाचं नाव एका जागी बसण्यावरूनच पडलं. 'ई' आणि 'ए'ची वाटणी मागाहून झाली. म्हणजे अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या त्या पाटीला चूक म्हणायचं तर म्हणा, पण मागची तीन पिढ्यांची गादी बघितली तर ते दुकान खरोखरच स्टेशनरी आहे, दोन्ही स्पेलिंगांनी.

'कॉम्प्लिमेंट' आणि 'कॉम्प्लिमेंट', म्हणजे कौतुक करणारा आणि जोडीला शोभणारा, हेही एकाच लॅटिन शब्दाची पोरं. मधला 'आय' आणि 'ई' एवढाच फरक. लग्नाच्या हॉलमध्ये 'डेझर्ट'च्या टेबलावर एक 'एस' गळून वाळवंट होतं, त्याबद्दल तर मी बोलतच नाही. तिथे पोचेपर्यंत गुलाबजाम संपलेले असतात, त्यामुळे ते खरंही असतं.

इंग्रजांचा स्वतःचा सगळ्यात लाडका राग अपॉस्ट्रॉफीवरचा. 'इट्स'मध्ये ती वर लटकणारी खूण असली तर 'ते आहे', नसली तर 'त्याचं'. जगभर लोक इथे चुकतात, आणि चुकतात ते नियम पाळल्यामुळे. बाकी कुठल्याही नामाला मालकी दाखवायला ती खूण लागते, मग 'इट'नंच काय घोडं मारलंय? इंग्लंडात जॉन रिचर्ड्स नावाचे निवृत्त पत्रकार होते, आयुष्य लोकांच्या कॉप्या तपासण्यात गेलेलं. त्यांनी २००१ साली या खुणेच्या रक्षणासाठी मंडळ काढलं. गावातल्या भाजीवाल्याला, खाटकाला, कॅफेवाल्याला सभ्य भाषेत पत्रं लिहायची, की आपल्या पाटीवरची खूण चुकीच्या जागी आहे. अठरा वर्षं हा उद्योग करून २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांनी मंडळ बंद केल्याचं जाहीर केलं. अज्ञान आणि आळस यांची सरशी झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वाचून मला गलबलून आलं, कारण हा माणूस माझ्याच जातीचा. पण त्याच वेळी वाटलं, की यातल्या एकाही टोमॅटोचा भाव त्या खुणेमुळे कमी-जास्त झाला नसणार. आणि ज्यांना या खुणेवरून फारच अभिमान आहे त्यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेची १७८७ची मूळ प्रत बघावी. पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात राज्याच्या तपासणी कायद्यांविषयी लिहिताना 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'वर ती खूण दिमाखात बसलेली आहे. तेव्हा ते चालत होतं. देशही चालला.

आपल्याकडे तर ही सगळी खुणांची फौज पाहुणी. मोडी पत्रांत ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, शब्दही एकमेकांचा हात धरून पळणारे. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडीकडे जातं, मोल्सवर्थला कोशाच्या कामात मदत करणारा तोच. पेशव्यांचे हुकूम त्याच्याआधी, एकाही स्वल्पविरामाशिवाय, अटकेपर्यंत बिनचूक पोचत होते.

आता पाण्याचं प्रकरण. आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी इंग्रजीत नोटीस लागली, की मंगळवारी दहा ते चार वॉटर सप्लाय 'इफेक्टेड' होईल. 'ए'नं सुरू होणारा 'अफेक्टेड' हवा होता, म्हणजे पाणीपुरवठ्यावर परिणाम होईल. 'ई'नं सुरू होणाऱ्या क्रियापदाचा अर्थ घडवून आणणं. म्हणजे छापलं होतं त्याप्रमाणे मंगळवारी दहा ते चार पाणी येणार होतं. अर्थ शंभर टक्के उलटा! असा नग हाती लागणं म्हणजे माझ्यासारखीला दिवाळीच. मी सेक्रेटरी काकांना गाठलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, 'अहो वहिनी, पाणी येणार असेल तर कोण नोटीस लावतं?'

यावर इंग्रजी भाषेत उत्तर नाही. मुंबईतल्या कुठल्याही इमारतीत पाण्याबद्दलची नोटीस दिसली, की बाई ती वाचत नाही, आधी पिंप धुवायला घेते. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी बादल्या, टोप, कळशा भरून ठेवल्या. अर्थ शब्दात नव्हताच, तो लिफ्टशेजारच्या त्या जागेत होता. काकांनी ती नोटीस तशीच ठेवली आणि बुधवारी काढली.

तेव्हापासून मी कोणाच्या चुकीवर चिडायचं याचा माझ्यापुरता हिशेब बसवलाय. पाटी रंगवणारा पेंटर, फ्लेक्सवाला, सोसायटीचे काका, यांना माफ. त्यांच्याकडे तपासायला माणूस नाही आणि त्यांचं गिऱ्हाईक फसत नाही. होर्डिंगवरच्या बिल्डरला माफी नाही. एका फ्लॅटचे कोट्यवधी घेणाऱ्याला एक 'ओ' कमी करून घ्यायला माणूस परवडत नाही, हे मला पटत नाही. कर्जाच्या कागदावर मुद्दल या अर्थाच्या 'प्रिन्सिपल'ऐवजी तत्त्व या अर्थाचा 'प्रिन्सिपल' छापणाऱ्या कंपनीलाही नाही. हप्ता एक दिवस उशिरा गेला तर ती आपल्याला दंड लावते, मग तिच्या अक्षरांना का सूट?

पण आपल्याकडे चिडणारे बरोबर उलटं चिडतात, खाली बघून. आमच्या कॅन्टीनमध्ये कल्याणहून येणारा एक ट्रेनी मुलगा 'स्नेक्स' म्हणाला तर टेबलभर हसू. हसणाऱ्यांतली एक मुलगी सायनला राहते. सायन! शीव म्हणजे वेस, मुंबई बेटाची हद्द. फिरंग्यांच्या जिभेला ते पेलवलं नाही, त्यांनी त्याचं काय केलं ते स्टेशनच्या पाटीवर आजही आहे. वांद्र्याचं बँड्रा, भायखळ्याचं बायकुला, पायधुणीचं पायधोनी. त्यांच्या चुका नकाशावर चढल्या, पत्त्यात गेल्या, आणि आता आपलीच माणसं तोंड वेंगाडून 'परेल' आणि 'थाने' म्हणतात तेव्हा टेबलावर कोणाला हसू फुटत नाही. साहेब चुकला की ते गावाचं नाव होतं, आणि कल्याणचा मुलगा चुकला की तो विनोद.

मराठीतल्या चुकांना तर हसायलाही कोणी शिल्लक नाही. 'माझ्या अपरोक्ष त्यानं असं केलं' हे वाक्य चांगले शिकलेले लोक सर्रास बोलतात, लिहितात. परोक्ष म्हणजे नजरेआड, अपरोक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. तक्रार करायची असते पाठीमागे केलेल्याची आणि शब्द येतो समोर केल्याचा. 'दुरवस्था'ची 'दुरावस्था' झालेली आहे, 'महत्त्व'मधला एक 'त' केव्हाच गळालाय. २०२२ साली दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कायदा बदलला, न्यायालयात वाद झाले, २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दिलेली मुदत संपली, आणि रस्तोरस्ती ठळक मराठी अक्षरं आली. अक्षरांची उंची मोजली गेली. स्पेलिंग कोणी मोजलं नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच ऑफिसात ते घडलं. मुलांच्या भविष्यासाठी पैसे साठवायची एक योजना, मोठं कॅम्पेन. इंग्रजी कॉपी माझ्यासकट चार जणांनी वाचली. एका हायफनवर वीस मिनिटं मीटिंग झाली. त्याची हिंदी झाली, आणि हिंदीवरून 'रिजनल' झालं. रिजनल म्हणजे मराठी, मराठी माणसाच्या शहरात. मी प्रिंटरवर माझा कागद घ्यायला गेले तर वर मराठीचं प्रूफ पडलेलं. बसच्या पाठीवर लागायचं होतं. हसऱ्या चेहऱ्याची आई, गणवेशातली मुलगी, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत : 'मुलांच्या शिक्षेसाठी आजपासूनच तरतूद करा.'

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय, हे ज्यानं शाळेत एकदा तरी अंगठे धरलेत त्याला विचारा. मी तो कागद घेऊन क्लायंट बघणाऱ्या मुलाकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, 'छपाईला जातंय मॅम. लोक समजून घेतील.'

खरंच समजून घेतील, यात शंका नव्हती. पाण्याच्या नोटिशीसारखंच. पण इथे सेक्रेटरी काकांना लावलेला हिशेब लागू होत नव्हता. इथे तपासायला माणूस होता, पैसा होता, हायफनसाठी वीस मिनिटं होती. मी त्याला विचारलं, 'इंग्रजीत मुलांच्या पनिशमेंटसाठी बचत करा असं छापून आलं असतं तर तू आता घरी असतास की अजून इथे?' तो हसला नाही. फोन उचलला आणि छपाई थांबवली. शिक्षेचं शिक्षण झालं. त्याच कागदावर 'सपनांचे घर' होतं आणि 'बिमा' होता, तेही काढले. उरलेलं मराठी कोणी केलंय विचारलं, तर कोणालाच माहीत नव्हतं. कुठून तरी फाइल आली होती, एवढंच.

आता रिजनलची सगळी प्रूफं माझ्या टेबलावर येतात, बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी, 'टिल मंडे' असं लिहून. पगार इंग्रजीचाच मिळतो.